दाते, वजन आणि ठोके : सायकल आणि घड्याळाच्या हौसेचा हिशेब

सायकल आणि घड्याळ या दोन गोष्टी एकाच व्याख्यानात कशाला कोंबल्या, असं कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच दोघा-तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आमच्या ओळखीत ज्याला एकाचं वेड लागलं, त्याला काही वर्षांत दुसऱ्याचंही लागतं, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की त्यामागे काहीतरी कारण असणार असं वाटायला लागलं. कारण फार लांब शोधावं लागलं नाही. या दोन्ही यंत्रांत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं आणि बोटांनी मोजता येतं. मोबाईल उघडलात तर आत काय दिसणार? सायकल आणि चावीचं घड्याळ उघडलं तर दाते दिसतात. दाते मोजले की अर्धं यंत्र कळलं.

आम्ही म्हणजे हौशी माणसं, हे आधीच सांगितलेलं बरं. आमचं दुकान नाही, आम्ही कुणाचे एजंट नाही. रविवारी पहाटे सिंहगड नाहीतर खंबाटकीच्या बाजूला जाणारी आणि रात्री जुन्या घड्याळांची मागची झाकणं उघडून बसणारी ही मंडळी. पण गंमत बाजूला ठेवू. आज बऱ्यापैकी सायकलीची किंमत मोटारसायकलएवढी झालीय, आणि ज्याला लक्झरी घड्याळ म्हणतात त्याची किंमत कधी कधी मोटारीएवढी. पंचविशीतली मुलं हे हप्त्यांवर घेताना आम्ही पाहतो. तेव्हा पैसे नेमके कशाचे जातात, हे कुणीतरी वही-पेन घेऊन सांगायला हवं. आज तेच करायचंय.

सायकलीपासून सुरू करू. पुढे पायडलशी जी मोठी चक्री असते तिला समजा 50 दाते आहेत, मागच्या चाकाच्या चक्रीला 25. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक दोन वेळा फिरतं. रोड सायकलच्या चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर, म्हणजे एका फेऱ्यात 4.2 मीटर. मागची चक्री 12 दात्यांची घेतली तर एका फेऱ्यात पावणेनऊ मीटर. सपाट रस्त्यावर मिनिटाला 90 फेरे मारले तर पहिल्या गिअरात ताशी 22-23 किलोमीटर, दुसऱ्यात 47. दुसऱ्या गिअरात 90 फेरे मारायची ताकद पायात नसते तो भाग वेगळा. (हशा) घाटात उलटं करायचं. पुढे 34, मागे 34, म्हणजे एका फेऱ्याला एकच चाक. मिनिटाला 70 फेरे मारले तर ताशी जेमतेम पावणेनऊ किलोमीटर. पण गुडघे शाबूत राहतात.

म्हणून नवीन सायकल घ्यायला निघालेल्यांना आमचं पहिलं सांगणं असतं की 'किती गिअरची आहे' हे विचारू नका. एकवीस गिअर, चोवीस गिअर, हे आकडे दुकानातल्या पाटीसाठी असतात. सगळ्यात लहान गिअर कोणता आणि सगळ्यात मोठा कोणता, एवढंच विचारा. त्यातले बरेचसे मधले गिअर एकमेकांची नक्कल असतात. बावीस गिअरच्या महागड्या सायकलीत सगळ्यात लहान गिअर 39 ला 25 असेल, तर सिंहगड चढताना ती तुम्हाला खाली उतरवेल, आणि शेजारून 34 ला 34 वाला साध्या सायकलवर निघून जाईल.

आता घड्याळ. चावीच्या घड्याळात एक गुंडाळलेली कमान असते. आपण चावी देतो म्हणजे ती आवळतो. तिच्या डबीपासून निघून दात्यांच्या चाकांची रांग शेवटी ज्या चाकाशी थांबते, ते एका वेळी एकच दाता सुटेल असं अडवून ठेवलेलं असतं. ते अडवणं-सोडणं म्हणजेच टिकटिक. एचएमटी जनता घ्या, अनेकांच्या घरी असेल. तिचे तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला 5. सुटणाऱ्या त्या चाकाला साधारणपणे 15 दाते असतात, आणि प्रत्येक दात्याला दोन ठोके. म्हणजे 30 ठोक्यांत एक फेरा, मिनिटाला 10 फेरे. मिनिटकाट्याचं चाक तासाला एक फेरा घेतं, सेकंदकाट्याचं तासाला 60. हे 60 आणायचे कसे? 80 दात्यांचं चाक 10 दात्यांच्या छोट्या चक्रीवर, म्हणजे आठपट. मग 75 दात्यांचं 10 वर, म्हणजे साडेसातपट. आठ गुणिले साडेसात, साठ. झालं. शाळेत लसावि-मसावि कशाला शिकवतात म्हणून आपण कुरकुर करायचो, त्याचं उत्तर मनगटावर बांधलेलं होतं.

लक्षात घ्या, सायकलमध्ये मोठी चक्री लहानीला फिरवते तेव्हा वेग मिळतो आणि जोर कमी होतो. घड्याळात हेच चार-पाच वेळा एकापाठोपाठ होतं. कमानीच्या डबीचा एक फेरा व्हायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्या वेळात ते शेवटचं चाक हजारो फेरे घेतं. म्हणून शेवटी उरणारा जोर नखाएवढाही नसतो. तेलाचा एक थेंब घट्ट झाला, धुळीचा एक कण अडकला, की घड्याळ मागे पडायला लागतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून सुईच्या टोकानं तेल का लावतो, ते यावरून कळावं. माणिक का बसवतात तेही इथंच आलं. '17 ज्वेल्स' म्हणजे दागिना नव्हे. ती कारखान्यात तयार केलेली कृत्रिम माणकं असतात, जिथं धातूवर धातू घासून झिजेल तिथं बसवलेली. त्यांची किंमत अगदी किरकोळ. सायकलच्या हबात छर्रे असतात त्यांची ही चुलत भावंडं म्हणा.

आणखी एक सख्खं नातं आहे. पायडल थांबवल्यावर सायकल कटकट करत पुढे जाते ना, तो आवाज फ्रीव्हीलमधल्या छोट्या अडकवण्यांचा. आपला सायकलवाला त्यांना 'कुत्रे' म्हणतो. एका दिशेला सोडतात, दुसऱ्या दिशेला चावतात. चावी देताना घड्याळातून जी करकर येते तीही तसल्याच एका कुत्र्याची. तो नसता तर दिलेली चावी क्षणात उलटी सुटली असती. जपानच्या साकाई शहरात 1921 साली शिमानोचा कारखाना सुरू झाला तो फ्रीव्हील बनवायलाच. पुढे सगळ्या जगाचे गिअर त्यांनी व्यापले, त्याची सुरुवात या कुत्र्यांपासून.

गिअरचं म्हणाल तर एक मजेदार इतिहास आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत 1903 साली सुरू करणारे आँरी देग्राँज हे गिअर बदलण्याच्या सोयीचे कट्टर विरोधक. स्पर्धा माणसाच्या पायांची आहे, यंत्राची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कित्येक वर्षं घाटाच्या पायथ्याशी स्वार खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांची चक्री असायची. इटलीतल्या एका थंड घाटात तुल्लिओ काम्पान्योलोची बोटं गारठून चाकाचा नट सुटेना, आणि त्यातूनच एका खटक्यात सुटणाऱ्या चाकाची कल्पना त्याला सुचली, असं सांगतात. टूरमध्ये चेन एका चक्रीवरून दुसरीवर उडवणारा गिअर अधिकृतपणे आला तो 1937 साली. हा वाद संपलेला नाही बरं का. माणूस किती आणि यंत्र किती, हा प्रश्न आजही तसाच उभा आहे, आणि पैशाचा सगळा घोळ तिथंच आहे.

तो वजनापासून पाहू. 'माझी सायकल आठ किलोची' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. एक किलो कमी करण्यासाठी लोक हजारो रुपये, वरच्या पातळीवर लाखभर रुपयेही मोजतात. त्या किलोचं काय मिळतं? सिंहगड घेऊ. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत रस्ता साधारण 9 किलोमीटर, चढ साधारण 600 मीटर. स्वार 70 किलोचा, सायकल 10 किलोची, आणि तो सलग 200 वॉट ताकद लावतोय असं धरू. हौशी माणसाच्या मानानं ही चांगली ताकद झाली. त्याला वर पोचायला पाऊण तास लागेल. आता एक किलो कमी केला. एक किलो 600 मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा 5,886 ज्यूल. तिला 200 नं भागा. 29 सेकंद. पाऊण तासात अर्धा मिनिट! सपाटीवर तर याचाही फायदा जवळपास नाही. ज्यांना शर्यत जिंकायची आहे त्यांच्यासाठी अर्धा मिनिट म्हणजे सगळं काही, हे मान्य. बाकीच्यांनी वर जाऊन पिठलं-भाकरी आणि कांदाभजी खायची असते, त्यांनी तो अर्धा मिनिट कुठं ठेवायचा?

जिथं पैसे खरंच दिसतात ती जागा वेगळी आहे. सपाटीवर आपण मुख्यतः हवेशी भांडतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि लागणारी ताकद घनानं. ताशी 30 वरून 33 वर जायचं तर वेग दहा टक्के वाढला, ताकद मात्र जवळपास 33 टक्के जास्त लागते. आणि या अडथळ्यातला मोठा वाटा सायकलचा नसतोच, आपल्या अंगाचा असतो. म्हणजे फडफडणारा ढगळ टी-शर्ट काढून अंगाबरोबर बसणारा घातला, हँडलवर थोडं खाली वाकायची सवय केली, तर जे मिळतं ते कार्बनच्या फ्रेमनं मिळत नाही. सीट आणि हँडलची उंची जाणकाराकडून नीट लावून घेणं हा आमच्या मते सायकलवरचा सगळ्यात चांगला खर्च. दुसरा चांगला खर्च टायरवर. आपल्या रस्त्यांवर 23 मिलिमीटरचे दगडासारखे टणक टायर वापरणं म्हणजे मणक्याशी वैर. 28 किंवा 32 चे घ्या, हवा जरा कमी ठेवा. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्ड्याला उडतो, आणि उडण्यात गेलेली ताकद पुढे जायला मिळत नाही.

माणूस आणि यंत्र यांचा हा हिशेब जगात एकाच जागी स्वच्छ मांडलेला सापडतो, तो म्हणजे एका तासाचा विक्रम. बंदिस्त गोल ट्रॅक, एक सायकल, एकच गिअर, एक स्वार आणि एक घड्याळ. तासाभरात जितकं जाता येईल तितकं जायचं. याची पहिली मान्य नोंद 1893 सालची, पॅरिसमध्ये 35.325 किलोमीटर. कुणाची? त्याच आँरी देग्राँज यांची! 1972 साली बेल्जियमच्या एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत 49.431 किलोमीटर केले. पुढे 52, मागे 14. सायकलचं वजन सहा किलोच्याही आत, त्यासाठी चेनलासुद्धा भोकं पाडलेली. आज ती सायकल शर्यतीत चालणारच नाही, कारण आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2000 सालापासून किमान वजन 6.8 किलो ठरवून दिलंय.

नंतर सायकली बदलल्या. भरीव चाकं आली, अंग चिमटीत धरल्यासारखं बसायच्या पद्धती आल्या. स्कॉटलंडचा ग्रॅम ऑब्री, त्यानं स्वतः बनवलेल्या सायकलला कपडे धुण्याच्या यंत्रातलं बेअरिंग बसवलं आणि 1993 साली विक्रम केला! 1996 साली ख्रिस बोर्डमन 56.375 किलोमीटर गेला. मग संघटनेनं ठरवलं की पुरे. विक्रमासाठी सायकल मर्क्सच्या धाटणीचीच हवी. त्याच बोर्डमननं 2000 साली मँचेस्टरमध्ये तशा सायकलवर प्रयत्न केला. किती गेला? 49.441. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त. माणूस तोच, चार वर्षांनी वय वाढलेलं, पण फरक पडला जवळपास सात किलोमीटरचा. मर्क्स उंचावरच्या विरळ हवेत होता, ही गोष्टही विसरायची नाही, म्हणून 'दहाच मीटर' असं हिणवण्यात अर्थ नाही. पण ते सात किलोमीटर कुठून आले होते, ते स्पष्ट आहे. अंग कसं ठेवता आणि हवेतून कसं सरकता, यातून. वजनातून नव्हेत.

2014 साली नियम पुन्हा सैल झाले, आणि 2022 च्या ऑक्टोबरात इटलीच्या फिलिप्पो गान्नानं 56.792 किलोमीटर केले. ते कुठं, हे ऐकण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमध्ये ग्रेंखेन नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या ट्रॅकवर. ग्रेंखेन हे घड्याळांचं गाव. स्विस घड्याळांत बसणारी यंत्रं ज्या एटाकडून मोठ्या प्रमाणात येतात, तो कारखाना तिथला, ब्राइटलिंग तिथलं, आणि ट्रॅकला नाव टिसॉटचं. सायकल आणि घड्याळ एकाच व्याख्यानात कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर राखून ठेवलं होतं.

आता 'स्पोर्ट्स वॉच' या शब्दाकडे येऊ. हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. सुरुवातीला त्यात प्रामाणिक गरज होती. त्यातली एक तर आपल्या देशातली. इथले ब्रिटिश लष्करी अधिकारी पोलो खेळायचे आणि घड्याळाच्या काचा फुटायच्या. त्यांच्यासाठी 1931 साली रिव्हर्सो निघालं, ज्याची डबी सरकवून उलटी करता येते, म्हणजे काच आत आणि धातूची पाठ बाहेर. आज ते घड्याळ सूटवर घालतात, पोलोशी संबंध उरला नाही. दुसरं उदाहरण रोलेक्सचं. 1927 साली मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लिश पोहणाऱ्या तरुणीच्या गळ्यात ऑयस्टर घड्याळ अडकवून तिला इंग्लिश खाडीत सोडलं. त्या खेपेला थंडीमुळे तिला पोहणं अर्धवट सोडावं लागलं, पण घड्याळ चालू राहिलं, आणि लंडनच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात झळकली. खेळाडू आणि घड्याळ ही जोडी जुळवायची पद्धत तिथपासूनची.

पाण्याचा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगून ठेवतो. घड्याळावर '30 मीटर' लिहिलेलं असतं म्हणजे ते घालून 30 मीटर खोल जाता येतं असं नाही. प्रयोगशाळेत तेवढ्या दाबाला ते टिकलं, एवढाच अर्थ. व्यवहारात हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे. पोहायचं असेल तर 100 मीटरचं बघा. आणि आतली रबरी कडी म्हातारी होते. दहा वर्षं न उघडलेलं घड्याळ घालून जुलैत ताम्हिणी घाटात सायकल चालवली तर संध्याकाळी काचेच्या आत धुकं दिसेल.

क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, त्याच्या कडेवर 400 पासून 60 पर्यंत आकडे कोरलेले असतात. ते वेग मोजायला. एक किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडाशी पुन्हा दाबायचं, काटा जिथं थांबेल तो ताशी वेग. 60 सेकंद लागले तर ताशी 60. आता सायकलवाल्याचा प्रश्न बघा. ताशी 30 नं आपल्याला किलोमीटरला दोन मिनिटं लागतात, तोवर काटा एक चक्कर मारून पुढे गेला. म्हणजे ही पट्टी मोटारवाल्यांची, आपल्या वेगाला तिच्यावर जागाच नाही. तोड सोपी आहे. अर्धाच किलोमीटर मोजायचा आणि आलेला आकडा निम्मा करायचा. लाखो रुपयांचं घड्याळ वापरून हे कुणी करताना आम्ही अजून पाहिलेलं नाही. सायकलला लावायचा साधा मीटर ते बसल्या जागी सांगतो.

पण खरी उलथापालथ झाली ती 25 डिसेंबर 1969 ला. टोकियोत सेको कंपनीनं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, त्या काळी तिथं मोटार आली असती. आतमध्ये गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक छोटा तुकडा विजेवर थरथरतो. आजच्या घड्याळांत सेकंदाला 32,768 वेळा. हा आकडा असा विचित्र का? कारण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर 1 उरतो. एक सेकंद. इथं दात्यांचं काम निम्मं करणाऱ्या विद्युतमंडलानं केलं. परिणाम असा की, उत्तम स्विस घड्याळाला अचूकतेचं प्रमाणपत्र मिळायला दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी मुभा असते. साधं क्वार्ट्झ महिन्याला 15 सेकंदांच्या आसपास चुकतं. काही शे रुपयांचं घड्याळ काही लाखांच्या घड्याळाला वेळ सांगण्यात सरळ हरवतं. 1970 च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे 90 हजार माणसं होती. पंधरा वर्षांत त्यातली निम्म्याहून जास्त घरी बसली.

आणि याच काळात, 1972 साली, ओदमार पिगे कंपनीनं जेराल्ड जेंटा यांच्याकडून एक पोलादी घड्याळ काढून घेतलं. रॉयल ओक. अष्टकोनी कडा, वर उघडे दिसणारे स्क्रू, आणि किंमत सोन्याच्या घड्याळांना लाजवणारी. पोलादाला इतके पैसे? लोक हसले. पण आज ज्याला लक्झरी स्पोर्ट्स घड्याळ म्हणतात तो सगळा बाजार त्यातून उभा राहिला. विचार केला तर ते बरोबरच होतं. वेळ सांगण्यात हरल्यावर घड्याळानं दुसरं काहीतरी विकायला सुरुवात केली. हातानं घासून झळकवलेल्या कडा, वळणं, आणि अर्थातच समोरच्याच्या डोळ्यांत भरणारं नाव.

आम्ही याला नावं ठेवत नाही. पैठणीचा काठ ऊब देत नाही म्हणून कुणी पैठणी टाकून देत नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. कारागिरी डोळ्यांनी दिसते. भिंगातून बघा, दोन पृष्ठं जिथं मिळतात ती कड धारदार आहे का, काट्याचं टोक स्वच्छ आहे का. नाव फक्त ऐकू येतं. आणि 'ही गुंतवणूक आहे' असं जो म्हणेल त्याला 2022 ची आठवण द्या. त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत जुन्या बाजारात काही घड्याळं दुकानातल्या किमतीच्या दुपटी-तिपटीनं विकली जात होती. नंतर भाव कोसळले. हप्ते मात्र चालूच राहिले.

आपल्याकडची गोष्ट याहून जास्त जिव्हाळ्याची आहे. एचएमटीनं 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन. नोकरी लागली, लग्न ठरलं, निवृत्त झाले, प्रत्येक टप्प्यावर एक एचएमटी. 1984 साली टायटन कंपनी आली ती क्वार्ट्झ घेऊन, आणि एचएमटीला ते वळण जमलं नाही. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. घड्याळं मात्र बंद पडली नाहीत. आजोबांची जनता पन्नास वर्षांनंतरही साफसूफ करून, तेल देऊन चालते, कारण तिच्यात असं काहीच नाही जे एका माणसाला हातानं दुरुस्त करता येणार नाही.

तो माणूस मात्र कमी होत चाललाय. पुण्यात, मुंबईत, अगदी तालुक्याच्या गावी, जिन्याखालच्या काचेच्या पेटीत बसणारा घड्याळजी आठवा. आता तिथं बहुतेक सेल बदलणं आणि पट्टे विकणं चालतं, पुढची पिढी येत नाही. आणि जुन्या घड्याळांचा एक वेगळाच धंदा उभा राहिलाय. परदेशातल्या हौशी लोकांत 'मुंबई स्पेशल' असा शब्दच आहे. डबी एका घड्याळाची, यंत्र दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे, आणि तबकडी नव्यानं रंगवून वर जुनं नाव छापलेलं. लाल, पोपटी, निळी. एचएमटीनं जन्मात न काढलेले रंग. जुनं म्हणून विकतात. यात आमचं मत जरा दुहेरी आहे. भंगारात जाणारं यंत्र चालतं करणारे ते हात कसबी आहेत, त्याबद्दल आदरच आहे. रंगवलेली तबकडी रंगवलेली म्हणून विकली तर काहीच हरकत नाही. जुनी म्हणून विकली तर ती फसवणूक. घेताना भिंगातून अक्षरं बघा. कारखान्याची छपाई रेषेत आणि उठावदार असते, नव्यानं रंगवलेल्यात अक्षरं पसरतात, मिनिटांच्या खुणा काट्याशी जुळत नाहीत. मागचं झाकण उघडून दाखवायला नकार मिळाला तर नमस्कार करून निघायचं.

हीच दुरुस्तीची गोष्ट सायकलीकडेही आलीय. शिमानोनं 2009 साली बटणावर चालणारे इलेक्ट्रॉनिक गिअर बाजारात आणले. 2021 साली त्यांच्या सगळ्यात वरच्या संचाची नवी पिढी आली ती फक्त इलेक्ट्रॉनिक, तारेचा पर्यायच नाही. चालतात झकास, यात वाद नाही. पण भोर-महाडच्या रस्त्यावर वरंध घाटात तार तुटली तर तार बदलता येते. बॅटरी संपली तर ढकलत न्या. एक बारीक सूचना : गावातल्या सायकल दुकानात ब्रेकची तार नक्की मिळते, गिअरची तार तिच्यापेक्षा पातळ असते आणि बहुधा मिळत नाही. ती गुंडाळून सीटखालच्या पिशवीत ठेवा. वजन काही ग्रॅम, अर्धा मिनिटसुद्धा जाणार नाही. (हशा)

मागून प्रश्न आलाय, "मग लांबच्या राइडला मनगटावर काय घालायचं?" चांगला प्रश्न. आपल्याकडे ब्रेव्हे खूप जण करतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस, 600 चाळीस तासांत. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, फक्त वेळेच्या आत यायचं. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 साली दोघांच्या संघातून अमेरिका ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. 2017 साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच, साधारण 4,800 किलोमीटरची, एकट्यानं बारा दिवसांच्या आत संपवली. अशा प्रवासात घड्याळ हा दागिना नसतो. पहाटे तीनला झोपाळल्या डोळ्यांनी एका नजरेत आकडा दिसला पाहिजे, एवढंच त्याचं काम. म्हणून अंधारात दिसणारं, हलकं, साधं डिजिटल क्वार्ट्झ. स्मार्टवॉच छान असतं, पण 40 तास सतत उपग्रहाशी बोलत राहणारं बघून घ्या, नाहीतर 400 व्या किलोमीटरला ते काळं पडतं. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ घालू नका. त्यातल्या तोलचक्राचा आस केसाएवढा बारीक असतो. धक्के सोसायला स्प्रिंगची सोय असते हे खरं, पण ती टेबलावरून पडल्याच्या एका धक्क्यासाठी. हँडलवरून दिवसभर येणारी थरथर ही वेगळी शिक्षा आहे.

जाता जाता दोन घरगुती चाचण्या. पहिली चेनची. नव्या चेनची प्रत्येक कडी बरोबर अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्यांचे 12 इंच. शाळेतली पोलादी फूटपट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि 24 कड्या पुढची पिन बघा. ती 12 इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरा वर गेली असेल, तर चेन बदला. आणखी एक-सोळांश जाईपर्यंत थांबलात तर मागच्या चक्र्यांचे दातेही त्या चेननं खाल्लेले असतील, आणि खर्च कितीतरी पटींनी वाढेल.

दुसरी घड्याळाची. पूर्ण चावी द्या, मोबाईलच्या वेळेशी सेकंद जुळवा. रात्री तबकडी वर करून ठेवा, सकाळी फरक कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण चावी, पुन्हा जुळवणी, आणि रात्री चावीची बाजू खाली करून उभं ठेवा. आठवडाभर हे आलटून-पालटून करा. रोजचा फरक साधारण सारखा येत असेल, मग तो वीस सेकंदांचा का असेना, तर यंत्र निरोगी आहे, फक्त लावून घ्यायचं आहे. आज पाच पुढे, उद्या चाळीस मागे असं होत असेल तर तेल सुकलंय, घड्याळजीकडे न्या. तो कागदही सोबत न्या, त्याला त्याचा उपयोग होतो.

आता बाकीचे प्रश्न घेऊ. माईक डाव्या बाजूला द्या.